पावसाळ्यात घरची पालेभाजी, मुळं थेट पाण्यात सोडून (हायड्रोपोनिक्स, खास कोकणातल्या घरांसाठी)

परसदार

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पालेभाजी म्हणजे घाटावरून येईल ती. ट्रक आला तर पालक, मेथी, कोथिंबीर. दरड कोसळून घाट बंद झाला की तीही नाही. परसात पडवळ, दोडकी, काकडी मांडवावर चढतात, सुरुवातीला टाकळा-कुर्डू मिळतो. पण लाल माठ किंवा पालक पेरला तर एका जोरदार सरीत रोपं आडवी होतात, आणि उभी राहतात त्यांच्या पानांवर मातीचे शिंतोडे बसून ती कुजतात. शिवाय वानर आहेतच.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे मागच्या पडवीत ठेवलेला पाण्याचा टब. इंग्रजीत याला डीप वॉटर कल्चर म्हणतात. झाकण असलेला टब किंवा पेटी, निदान वीस-पंचवीस सेंटीमीटर खोल. झाकणाला गोल भोकं, भोकांत जाळीचे कप, कपात रोप. मुळं खाली खतपाण्यात लोंबतात आणि मत्स्यालयाचा छोटा एअर पंप नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडातून (एअर स्टोन) त्या पाण्यात सतत हवा सोडतो. एवढंच यंत्र आहे. पंप दोन ते पाच वॅटचा, काही शे रुपयांत मिळतो.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. इंटरनेटवरची बहुतेक माहिती थंड देशातल्यांनी लिहिलेली असते आणि तिचा सगळा भर खतावर असतो. आपल्या किनाऱ्यावर पहिला प्रश्न खताचा नाही, पाण्यातल्या हवेचा आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसातच. हा फरक थोडा वाटेल, पण पाणी तापलं की मुळांची स्वतःची भूक वाढते, दहा अंशांमागे जवळजवळ दुप्पट. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो, आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियम बुरशीला तेच पाहिजे असतं. लेट्यूससाठी पाणी १८ ते २२ अंश असावं असं पुस्तकात वाचाल. आपल्याकडे पावसाळ्यात ते सत्तावीस-अठ्ठावीसला राहतं, मे महिन्यात पत्र्याखाली तीसच्या वर सहज जातं. मग करायचं काय, ते सविस्तर लिहिते.

टब सिमेंटच्या गच्चीवर ठेवू नका. जांभ्याच्या भिंतीलगत, जमिनीवर, दुपारचं ऊन येणार नाही पण सकाळचा उजेड भरपूर मिळेल अशी जागा बघा. पाणी जितकं जास्त तितकं ते हळू तापतं, त्यामुळे पाच लिटरच्या डब्यापेक्षा चाळीस लिटरची पेटी कितीतरी बरी. आणि सगळ्यात चांगली पेटी आपल्या बंदरावरच मिळते: मासळीच्या बर्फाची थर्माकोलची पेटी. बर्फ टिकवते ती पाणीही गार ठेवते. साबणाने आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा, आत जाड काळा प्लास्टिक कागद अंथरा. उजेड कुठूनही आत जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं.

आता पीक. विलायती लेट्यूसच्या मागे लागू नका. लाल माठ, चवळई, मायाळू, पुदिना, आणि नाळीची भाजी, जिला कलमी साग म्हणतात. ही शेवटची तर पाण्यातलीच, तिला आपली उष्णता मानवते. पालक थंडीत, डिसेंबर-जानेवारीत लावा, उन्हाळ्यात तो लगेच तुऱ्यावर जातो.

प्रश्न विचारा, खताचं पुढच्या प्रतिसादात देते.

पागोळी

मस्त धागा ताई. वाचनखूण साठवली. खताचं लवकर लिहा. आमच्या कृषी सेवा केंद्रात विचारलं तर त्यांनी १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या खताची) पुडी हातात ठेवली. ती चालेल ना?

परसदार

पागोळी, ती परत द्या किंवा कलमांना फवारा. १९:१९:१९ मधला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू त्या युरियाचं रूपांतर करतात, टबात ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम अजिबात नाही.

त्याच दुकानात चार गोष्टी मागा: कॅल्शियम नायट्रेट, १३:००:४५, ००:५२:३४ आणि मॅग्नेशियम सल्फेट. दहा लिटर पाण्याला अनुक्रमे ६, ३, दीड आणि ४ ग्रॅम. पालेभाजीला हे प्रमाण व्यवस्थित पुरतं. लहान रोपांना निम्मं. याशिवाय सूक्ष्म अन्नद्रव्यं लागतात, त्यात लोह मुख्य, चिलेटेड असलेलं, म्हणजे पाण्यात विरघळलेलंच राहील असं. मात्र फवारणीची सूक्ष्म अन्नद्रव्यं अंदाजाने पाण्यात टाकू नका. त्यात लोहाच्या मानाने जस्त आणि तांबं बरंच असतं. पानावर ते चालतं, मुळं सतत त्यात बुडलेली असताना नाही. हायड्रोपोनिक्ससाठी वेगळं मिश्रण मिळतं ते घ्या आणि पाकिटावरच्या प्रमाणाने टाका. वजनाला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा हवा, चमच्याचा अंदाज इथे उपयोगी नाही.

आणि क्रम पाळा. कॅल्शियम नायट्रेट एका भांड्यात वेगळं विरघळवायचं, बाकीची तीन दुसऱ्या भांड्यात. टब पाण्याने भरून आधी एक ओतायचं, ढवळायचं, मग दुसरं. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र झाली तर कॅल्शियमचा सल्फेट आणि फॉस्फेटशी संयोग होऊन तळाला पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे तुमचं खतच, फक्त झाडाला न मिळणारं.

वेंगुर्ल्याचो

ह्या सगळा बरा आसा. पण माका एक सांगा ताई, आमच्याकडे पावसात लाईट दोन दोन दिस येणा नाय. तेव्हा ह्या पंपाचा काय करूचा?

परसदार

दादा, हाच खरा कोकणचा प्रश्न. पंप बंद पडला की गरम पाण्यात भरलेल्या टबातली हवा काही तासांत संपायला लागते.

उपाय पाण्याच्या पातळीत आहे. रोप लहान असताना पाणी कपाच्या तळाला लागेल इतकं ठेवायचं. मुळं खाली उतरली की पाणी कमी करत न्यायचं आणि कप व पाणी यांच्यामध्ये तीन-चार बोटं मोकळी जागा राहू द्यायची. त्या मोकळ्या जागेतल्या मुळांना बारीक लव फुटते, ती दमट हवेतून थेट ऑक्सिजन घेतात. लाईट गेली तरी झाड तग धरतं. मात्र एकदा ही जागा सोडली की पुन्हा वरपर्यंत पाणी भरायचं नाही, हवेला सरावलेली मुळं बुडाली की गुदमरतात.

पंपाशिवाय, फक्त याच तत्त्वावर भाजी काढायची पद्धत हवाई विद्यापीठाच्या क्रॅट्की यांनी मांडली. तीही दमट, उबदार बेटांवरची आहे, त्यामुळे आपल्याला जवळची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या गावात असा भरवसा नाही तिथे निम्मे टब बिनपंपाचेच ठेवा, नाळीची भाजी आणि माठ त्यात होतो.

आणखी एक. पंप टबापेक्षा उंच टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. पंप खाली असेल तर लाईट गेल्याबरोबर नळीतून पाणी उलटं पंपात येतं आणि पंप जळतो.

सुपारीबाग

मला यात एक गोष्ट पटत नाही, स्पष्ट लिहितो. आपल्याकडे माती आहे, शेणखत आहे, विहिरीला पाणी आहे. शहरातल्या फ्लॅटवाल्यांनी हे करावं, पण परस असलेल्या माणसाने प्लास्टिकच्या टबात पुड्या ओतून भाजी का करावी? जमिनीतल्या माठाला जी चव आहे ती याला येईल? माझी आई वायंगणात मुळा, माठ, वाल घ्यायची, एक पुडी कधी आणली नाही.

परसदार

काका, तुमचं म्हणणं मी मनावर घेते. वायंगणाला पर्याय म्हणून हे मी कधीच सांगणार नाही. भातकापणीनंतरच्या ओलीवर आलेला मुळा आणि टबातला मुळा यांची तुलनाच नको, मुळा टबात लावूही नये. आमचंही वायंगण चालू आहे.

मी बोलते आहे ते जून ते सप्टेंबरबद्दल. त्या चार महिन्यांत तुमच्या आईंनीही माठ पेरला नसेल, कारण जमीन पाण्याने भरलेली असते आणि मातीतल्या मुळांनाही हवा मिळत नाही. टबातली अडचण तीच, फक्त तिथे आपण हवा देऊ शकतो, शेतात देऊ शकत नाही. चवीचं म्हणाल तर लाल माठात मला फरक जाणवत नाही, पुदिना मात्र मातीतला जास्त वासाचा असतो हे कबूल.

पुडीबद्दल: झाड नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम म्हणून, मग ते शेणखतातून सुटलेलं असो की पुडीतून आलेलं. पण माती सांभाळणं हे शेणखताचं जे मोठं काम आहे ते पुडी करत नाही, आणि म्हणून परसात शेणखतच.

कातळसडा

मग टबात जीवामृत किंवा शेणाचं पाणी गाळून घातलं तर? पुडीही नको आणि सेंद्रियही झालं.

परसदार

कृपा करून नको. जीवामृताचं सामर्थ्य त्यातल्या जिवाणूंत आहे आणि त्या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन लागतो. बंद टबात ते मुळांच्या वाटणीची हवा संपवतात, एक-दोन दिवसांत पाणी वास मारायला लागतं. शिवाय कच्ची खायच्या पानांच्या खाली शेणाचं पाणी ठेवणं आरोग्यालाही बरं नाही. जीवामृत मातीला द्या.

मास्तर_रसायनवाले

परसदार यांनी फार नेमकं लिहिलं आहे. निवृत्त शिक्षक म्हणून थोडी भर घालतो.

मातीशिवाय झाड वाढवायचे प्रयोग जुने आहेत, पण ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिके यांनी १९३७ साली छापून रूढ केलं. त्याच विद्यापीठातले होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये अन्नद्रव्यांचं जे प्रमाण दिलं ते आजही जगभर आधाराला घेतात. आपल्या देशात १९४६ च्या सुमारास कालिंपोंगला शोल्टो डग्लस यांनी खडी-वाळूतली स्वस्त पद्धत बसवली, तिला बंगाल पद्धत म्हणतात. तेव्हा हे फ्लॅटवाल्यांचं खूळ नाही, गरीब घरांसाठी विचार करून झालेलं काम आहे.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि तो किनाऱ्यावर सगळ्यात महत्त्वाचा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, क्षार कमी आणि थोडं आम्ल. हायड्रोपोनिक्सला ते उत्तम. पण खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, कारण गोड्या पाण्याची पातळी उतरली की खालून खारं पाणी सरकतं. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर स्वस्त आहे. शंभरच्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. तीनशेच्या वर असेल आणि समुद्र जवळ असेल तर त्यात मीठ किती हे तपासून घ्या. जमिनीत पाऊस मीठ धुऊन नेतो, टबात ते जाणार कुठे? झाड पाणी पिऊन टाकतं आणि मीठ मागे उरतं. दर वेळी वरून पाणी घातलं की ते साठतच जातं.

सर्वांत चांगलं पाणी तुमच्या पन्हळीतून पडतं आहे. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या, त्यात धूळ आणि खारा वारा असतो. नंतरचं गाळून भरा. मात्र पावसाच्या पाण्यात सामू (पीएच, आम्लतेचं माप) धरून ठेवणारे क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे सामू पटकन हलतो. लिटमससारखी पट्टी दोन दिवसांनी बुडवून बघत जा. ५.५ ते ६.५ मध्ये राहिला पाहिजे. त्याच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही झाडाला मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

पागोळी

मास्तर, सामू खाली आणायला कोकमाचं आगळ चालेल का? घरात बरणी भरलेली आहे. की लिंबू?

मास्तर_रसायनवाले

आगळ नाहीच. त्यात मीठ असतं, आणि मीठच आपल्याला टाळायचं आहे. लिंबाने किंवा सायट्रिक ॲसिडने सामू उतरतो खरा, पण ही सेंद्रिय आम्लं पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात, एक-दोन दिवसांत सामू पुन्हा वर आणि पाणी बुळबुळीत. हायड्रोपोनिक्सवाल्यांकडे फॉस्फोरिक ॲसिडचं पातळ द्रावण मिळतं. हातमोजे घालून, थेंबाथेंबाने, नेहमी आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही.

दापोली_ते_डोंबिवली

गावच्या घरी भावजयीने टब केला आहे, मी फोनवरून सांगतो ती करते. माठाची पानं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी उभी होतात. पाणी भरपूर आहे, पंप चालू आहे. मुळं थोडी तपकिरी दिसतात असं म्हणाली. खत वाढवावं का?

परसदार

खत अजिबात वाढवू नका. पाणी असून पान मान टाकतं म्हणजे मुळं पाणी ओढू शकत नाहीत. वहिनींना असं करायला सांगा: कप उचलून एक मुळी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हलकेच खाली ओढायची. निरोगी मुळी तटतटीत असते, हाताला काही लागत नाही. खताने किंवा लोहाने नुसता रंग चढला असेल तर मुळी तपकिरी दिसेल पण घट्टच राहील, आणि वास ओल्या मातीसारखा. कुज असेल तर वरचं साल बोटांत बुळबुळीत मोज्यासारखं निघून येतं आणि मागे पांढरा बारीक दोरा उरतो. वासही नासका येतो.

दोरा उरला तर ते रोप काढून टाकायचं, बाकीच्या रोपांची मुळं स्वच्छ पाण्यात धुवायची, टब आणि दगड ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचा आणि निम्म्या खताचं ताजं पाणी भरायचं. दुपारी पाण्याचं तापमान मोजायला सांगा. तीसच्या वर असेल तर टबाची जागाच बदलावी लागेल. तोपर्यंत पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून, झाकण घट्ट लावून, दुपारी एकेक सोडायची.

ओलं फडकं टबाला गुंडाळायचा सल्ला कुणी देईल. तो नागपूर-सोलापूरला उपयोगी. आपल्या दमट हवेत फडक्यातलं पाणी फारसं उडत नाही, मग गारवा यायचा कुठून?

दापोली_ते_डोंबिवली

फोन केला. साल निघून आलं, दोरा उरला. टब न्हाणीच्या पत्र्याखाली होता, पाणी ३२ अंश. आता मागच्या पडवीत हलवला आहे. धन्यवाद ताई.

आशाताई_अलिबाग

मी गावात आरोग्याचं काम करते म्हणून काळजीने लिहिते. साठलेलं पाणी म्हणजे डास. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आपल्या हवामानात साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. घरोघरी टब ठेवायला सांगताना हे आधी सांगा.

परसदार

ताई, बरं झालं लिहिलंत, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. झाकण घट्ट बसलं पाहिजे, रिकाम्या भोकात नुसता कप ठेवायचा नाही, बूच लावायचं, नळीच्या भोकाभोवती कापूस किंवा स्पंज. जादा पाणी जायला भोक असेल त्याला मच्छरदाणीचा तुकडा. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलायचं आणि टबाच्या भिंती काथ्याने घासायच्या, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने मरत नाहीत. पंपाचे बुडबुडे पाणी हलतं ठेवतात ते मदतीला, पण त्यावर विसंबू नका. बिनपंपाच्या टबाला झाकणाची काळजी दुप्पट.

काढलेलं पाणी गटारात ओतू नका. त्यात खत शिल्लक असतं. माडाच्या आळ्यात घाला.

कातळसडा

कपात काय भरायचं? आमच्याकडे नारळाच्या सोडणांचा ढीग पडलेला आहे, काथ्या काढून वापरला तर?

परसदार

चालतो, पण खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचा नको, त्यात मीठ मुरलेलं असतं. कोरड्या सोडणाचा काथ्या पिंजून, तीन-चार वेळा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. शेवटच्या पाण्याला टीडीएस मीटर लावून बघा, मूळ पाण्याइतका आला की झालं. कोकोपीटचा भुगा मात्र कपात नको, तो झिरपून दगडाची छिद्रं बंद करतो.

बी पेरायला भांडी घासायच्या स्पंजचे इंचभर चौकोन, मध्ये चीर. माठाचं बी बारीक असतं, चिरेत दोन-तीन दाणे वरच्यावर टेकवायचे, खोल गेले तर उगवत नाहीत. खालून मुळी डोकावली की चौकोन तसाच कपात.

सुपारीबाग

अळू होईल का टबात? आमच्याकडे श्रावणात अळू लागतंच, गटाराकडेचं अळू खायला आता मन घेत नाही.

परसदार

होईल काका, आणि छान होईल. अळू पाणथळीतलंच. छोटा कंद घ्या, मोठ्या तोंडाच्या कपात काथ्याने धरून ठेवा, कंदाचा खालचा भागच पाण्याला लागू द्या. एका पेटीत दोनच कंद, पानं मोठी होतात, बाकीच्यांचा उजेड अडवतात. पानं पूर्ण उघडली की देठासकट काढा. खाज मात्र पाण्यातल्या अळूलाही असते, चिंच किंवा आमसूल लागेलच.

कंद आत्ता लावलात तर पहिले पंधरा दिवस निम्मंच खत द्या.

सुपारीबाग

बंदरावर पेटी सांगून ठेवतो. पंप घेत नाही, बिनपंपाचाच करून बघतो.